एकशे बारा शब्द, अर्थांसह

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तू म्हणशील, वाकायचंच असेल तर लेथवर वाकायला ये. म्हणून उभ्या उभ्याच नमस्कार. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतोस, तेव्हा कामाचं ते कागदावर.

कापडगिरणीच्या ज्या वसतिगृहात मी राहते आणि जिथल्या कामगार बायकांचा वर्ग घेते, तिथे तुझं अक्षरकुलूप मंजूर झालं. प्रत्येकीच्या लोखंडी कपाटाला एक, अशी एकशे ऐंशी. व्यवस्थापकांना त्यातली एकच गोष्ट पटली, की त्याला किल्ली नाही. इथे किल्ल्या हरवतात, मग सुतार येऊन कपाटाचा कोयंडा उचकटतो आणि पुढचे आठ दिवस ते कपाट दोरीनं बांधलेलं असतं.

त्यांची एक अट आहे. बायकांना वेडीवाकडी अक्षरं लक्षात राहणार नाहीत, म्हणून या कुलपावर कोणकोणते शब्द जुळतात त्याची छापील यादी प्रत्येक कुलपाच्या डबीत हवी. ते काम मी घेतलं आहे. दोन रविवार बसले. तुझ्या चार चकत्या, प्रत्येकीवर आठ इंग्रजी अक्षरं, म्हणजे शब्द चार अक्षरांचाच हवा आणि प्रत्येक अक्षर आपापल्या चकतीवर असायला हवं. वाटतं तितकं सोपं नाही. होम बसत नाही, पहिल्या चकतीवर एच नाही. बुक बसत नाही, तिसऱ्या चकतीवर ओ नाही. घर गेलं, पुस्तक गेलं. लव्हसुद्धा नाही, व्ही कुठेच नाही. ते एका अर्थी बरं झालं, नाहीतर निम्म्या वसतिगृहानं तेच लावलं असतं. पण लॅम्प बसतो, सॉल्ट बसतो, रोड, बोट, बर्ड, मिल्क, सीड बसतात. आतापर्यंत एकशे बारा निघाले.

आणि मामा, प्रत्येक शब्दापुढे मी मराठीत अर्थ लिहिला आहे. लॅम्प म्हणजे दिवा. सीड म्हणजे बी. मेंड म्हणजे दुरुस्त करणे. ते कुणी मागितलेलं नाही. पण मला वाटतं, बाई दिवसातून चार वेळा कपाट उघडणार, तर एक शब्द तरी तिचा व्हावा. आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले ती तुझ्या पैशानं आणि तुझ्या हट्टानं. ते शिक्षण एका पिशवीत घालून फिरायचं की वाटायचं, हा प्रश्न मला रोज पडतो. ही वाटायची एक छोटी संधी आहे. यादी सोबत आहे, छापून घे.

मामीला सांग, पॉलिश करताना हातमोजे घाल.

तुझी भाची

११ फेब्रुवारी

पदवीबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला लावू नकोस.

यादी मिळाली. छापखानेवाला विचारत होता, कुलपं विकता की शाळा काढलीत? मी म्हटलं, भाची शिकलेली असली की दोन्ही करावं लागतं. अर्थांसकट छापतो आहे. तुझ्या मामीनं छापखानेवाल्याला विचारून विचारून त्यातले सतरा शब्द पाठ केले आणि आता मला जेवायला वाढताना सॉल्ट हवा का विचारते. घरात राहणं मुश्किल केलंस.

मला तुझं इंग्रजी वाचता येत नाही, नुसती अक्षरं ओळखता येतात, हे तुला ठाऊक आहे. मी ती कोरतो. एस म्हणजे दोन वळणं, ती एका दमात आली पाहिजेत. एम सर्वांत वाईट, चार रेघा आणि एक जरी हलली तरी सगळा एम दारू प्यायल्यासारखा उभा राहतो. पस्तीस वर्षं ही बत्तीस अक्षरं कोरतो आहे, पण त्यांचे शब्द होतात हे यादीत बघितलं तेव्हा जरा गंमत वाटली. आपण विटा पाडतो आणि कुणीतरी घर बांधतं तसं.

तुझ्या व्यवस्थापकांनी वेगळा एक कागद मागवला होता, तो पाठवला. त्यात तुला सांगण्यासारखं काही नाही.

माल पंधरा मार्चपर्यंत. एकशे ऐंशी म्हणजे एकशे ऐंशी, एकही कमी नाही.

मामा

२२ मार्च

प्रिय मामा,

कुलपं लागली. सगळा मजला पितळेनं चकाकतो आहे. चकत्या फिरताना बारीक टकटक होते, सकाळी कामाला निघायच्या वेळी ती एकदम साठ-सत्तर कपाटांवर होते तेव्हा वाटतं, पत्र्यावर कुणी मूठभर दाणे टाकले.

शब्द कसा लावायचा ते मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलं. कुलूप उघडं असताना चकती उचलायची, हव्या अक्षरावर बसवायची. सगळ्यांना निक्षून सांगितलं की यादीतलाच शब्द लावा, मनाची अक्षरं लावाल तर विसराल आणि मग करवत आणावी लागेल. सगळ्यांनी ऐकलं. कुणीही आपला शब्द दुसरीला सांगत नाही. विणकाम खात्यातल्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, एका ताटात जेवतात, पण शब्द विचारला की दोघी ओठ मिटून घेतात.

तुला एका बाईबद्दल सांगायचं आहे. मजले झाडणारी मावशी. पन्नाशीची असेल. मराठी सावकाश वाचते, लिहिते. तिला कपाट नाही, म्हणून कुलूपही नाही. पण कुणाची तरी टाकलेली यादी तिला केरात सापडली. ती तिनं पुसून, घडी घालून कमरेला खोचली आहे. रोज झाडून झालं की वर्गाच्या दाराशी येऊन मला तीन शब्द विचारते. तीनच. चौथा सांगायला गेले तर हात वर करते, आज पोट भरलं म्हणते. परवा तिनं जिन्यातल्या दिव्याकडे बोट करून मला लॅम्प म्हणून दाखवलं आणि स्वतःच लाजली.

मामा, एवढ्यासाठी तर यादी केली होती.

तुझी भाची

९ एप्रिल

प्रिय मामा,

इथे सगळं ठीक. वर्ग चालू आहे. पत्र लहान आहे कारण गडबडीत आहे.

एक सहज विचारते. शब्द ठाऊक नसताना तुझं कुलूप कुणी उघडू शकतं का? तोडून नाही, नुसतं फिरवून.

भाची

१४ एप्रिल

पदवीबाई,

तुझं सहज मला कळतं. लहानपणी काचेची बरणी फुटली तेव्हाही तू येऊन सहजच विचारलं होतंस, काच चिकटते का म्हणून.

उत्तर, नाही. हिशोब तूच मला करून दिला होतास. आठ अक्षरं चार वेळा, म्हणजे चार हजार शहाण्णव जोड्या. माणूस कडी ओढत आणि चकत्या फिरवत बसला तर सगळा दिवस जाईल आणि बोटांची सालं निघतील. माझ्या कुलपात चोराला वाट दाखवणारी खाच नाही. दुसऱ्यांच्या कुलपांत कडी ताणून धरली की बरोबर अक्षरावर चकती अडखळते, माझ्यात खोट्या खाचा आहेत, दर अक्षरावर सारखीच अडखळते. ही वडिलांची युक्ती.

हेच मी तुझ्या व्यवस्थापकांना सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं आहे, की शब्द पाहिल्याशिवाय किंवा ऐकल्याशिवाय हे कुलूप उघडणं अशक्य. तेव्हा सांगितलं नाही कारण तू म्हणाली असतीस, मामा, बढाई मारू नकोस. पण ही बढाई नव्हे.

आता काय झालं ते लिही.

मामा

१८ एप्रिल

मामा,

तुला नऊ तारखेलाच सगळं लिहायला हवं होतं. वाटलं, तुझ्याकडून काही वेगळं उत्तर येईल आणि मला हे पत्र लिहावंच लागणार नाही. तसं झालं नाही.

पाच एप्रिलला दुपारच्या पाळीत सहा कपाटं उघडली गेली. एक घड्याळ, कानातले दोन जोड, एका मुलीनं बहिणीसाठी घेतलेली नवी साडी. कुलपं तोडलेली नव्हती, परत नीट लावून ठेवलेली होती. व्यवस्थापकांनी तुझा कागद काढला आणि सगळ्यांसमोर वाचला. शब्द पाहिल्याशिवाय अशक्य. मग त्यांनी विचारलं, बायका कपाटं उघडतात तेव्हा त्यांच्या मागून रोज कोण फिरतं? सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. तिला झडती द्यायला लावली. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, कानातलं नव्हतं. कमरेला यादी होती. ज्या बाईला कपाट नाही, कुलूप नाही, तिला ही यादी कशाला लागते, असा प्रश्न झाला. वाचायला, असं ती म्हणाली. त्यावर जे हसू झालं ते मी विसरणार नाही.

ती कामावरून बंद आहे. मागच्या अंगणातली तिची खोली कामाबरोबरची आहे, तीही जाईल. तीस तारखेला चौकशी आहे. वीस वर्षं हे जिने झाडल्यावर चोर म्हणून बाहेर पडायचं तिच्या कपाळी आलं आहे.

आता माझं ऐक. तुझ्या हिशोबात चूक नाही. चार हजार शहाण्णव बरोबर आहेत. पण कुणीही चार हजार शहाण्णवमधून शब्द निवडलेला नाही. मी प्रत्येक डबीत एकशे बारा शब्द घालून दिले आणि बजावलं की यातलाच लावा. चोराला तेवढेच फिरवून बघायचे होते. शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचारून मी तिच्या कुलपावर यादी पहिल्यापासून लावत गेले. तिचा शब्द त्र्याहत्तरावा निघाला. सहा मिनिटं लागली. ती रडायलाच लागली.

चूक माझी आहे. तू कुलूप बनवलंस आणि मी त्याची किल्ली एकशे ऐंशी वेळा छापून वाटली. वर अर्थही लिहिले.

तीस तारखेला मी हे सगळ्यांसमोर करून दाखवणार आहे. त्यानं तुझं कुलूप जाईल, नाव जाईल, पुढच्या वसतिगृहांची बोलणी चालली होती ती मोडतील, हे मला कळतं. मी परवानगी मागत नाही, मामा. तुला हे परक्याकडून कळू नये म्हणून लिहिते. तू मला खरं बोलायला शिकवलंस ते फक्त दुसऱ्याच्या खर्चानं बोलायला शिकवलं नसणार.

तुझी भाची

२४ एप्रिल

भाचीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पोरीला शिकवली आणि तिनं माझ्याच दुकानाला सुरुंग लावला, एवढं सांगितलं तरी पुरे.

तुझी मामी म्हणाली, बडबड बंद करा, पाच कुलपं लावून द्या. मी यादीतले पाच शब्द, ती पाठ फिरवून बसली असताना, लावले. मनातून म्हटलं, हिला ए आणि एच यांतला फरक कळायला सकाळ जाईल. तिनं चष्मा लावला, मांडीवर यादी घेतली आणि अक्षर बघून अक्षर लावत बसली. पहिलं कुलूप अकरा मिनिटांत. दुसरं तीन मिनिटांत. चौथं तिनं गॅसवरचं दूध बघता बघता उघडलं. पाचवं उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, आता सांगा कोणाची झडती घ्यायची?

मग मला झोंबलं ते वेगळंच. चूक तुझी एकटीची म्हणतेस, ते मला मान्य नाही. यादी माझ्या हातातून गेली. छापून आणली मी, डबीत घातली मी. पस्तीस वर्षं कुलपं करणाऱ्या माणसाला कळायला नको? पण मला कागदावर अक्षरं दिसली, किल्ली दिसली नाही. आणि तो सहीशिक्क्याचा कागद तर माझाच. माझ्या अक्षरातल्या एका वाक्यानं एका बाईची कंबर चाचपली गेली. तिला मी कधी बघितलेलंही नाही.

सोबत दुसरा कागद आहे. तोही सहीशिक्क्याचा. त्यात लिहिलं आहे की पहिला कागद मी मागे घेतो, यादी जवळ असलेला कुणीही माणूस हे कुलूप पंधरा मिनिटांच्या आत उघडू शकतो, माझ्या बायकोनं उघडलं आहे आणि तिला इंग्रजी येत नाही. हा कागद पहिल्यासारखाच सगळ्यांसमोर वाचायला सांग. हळू नको, जिथे उभं राहून पहिला वाचला तिथेच उभं राहून.

बोलणी मोडली तर मोडू देत. मी आता साठीला आलो, कोरायला अक्षरं कमी नाहीत.

मामा

ता. क. नीट फिरव. घाई केलीस तर चकती अर्ध्यावर राहते आणि बरोबर शब्दही चुकतो.

१ मे

प्रिय मामा,

काल झालं.

जेवणघरातली बाकं सरकवून सगळ्यांना बसवलं होतं. व्यवस्थापक, गिरणीचे एक अधिकारी आणि मावशी, भिंतीला पाठ लावून उभी. तिला खुर्ची दिली तर बसेना. मी आधी तुझा कागद दिला. व्यवस्थापक म्हणाले, कारागीर तुमचा मामा आहे, तो तुम्ही सांगाल ते लिहील. मी म्हटलं, पहिला कागदही माझ्या मामाचाच होता, तो तुम्ही चालवून घेतलात. मग त्यांनी वाचला. मामीच्या वाक्याला हसू झालं, पण ते मागच्यासारखं नव्हतं.

मग मी त्यांना त्यांच्याच टेबलाच्या कपाटाचं कुलूप आणायला सांगितलं. तेही तुझंच आहे, एक कपाट रिकामं होतं, त्याचं त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. माझा शब्द यादीतला नसला तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. तर सगळे एकशे बारा फिरवीन आणि माफी मागून खाली बसेन, असं मी म्हटलं.

फिरवायला लागले. दर वेळी शब्द आणि अर्थ मोठ्यानं म्हणत होते. सुरुवातीला नुसतं ऐकत होत्या. विसाव्या शब्दाच्या पुढे काही बायका माझ्याआधी अर्थ सांगू लागल्या. बोट म्हणजे होडी. रोड म्हणजे रस्ता. जणू वर्गच भरला. मावशी ओठ हलवत होती, आवाज काढत नव्हती. एकसष्टाव्या शब्दाला कडी वर आली. लक, म्हणजे नशीब. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, साहेबांचं नशीब उघडलं. यानंतर त्यांना गंभीर राहणं अवघड गेलं असावं.

अधिकारी सरळ माणूस निघाले. त्यांनी विचारलं, मग चोर कोण? मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि या कुलपावरून कुणालाच सांगता येणार नाही. यादी इथल्या प्रत्येक हातात होती, माझ्या हातात सर्वांत आधी. संशय घ्यायचाच तर माझ्यापासून सुरुवात करा आणि सगळ्यांच्या कमरा चाचपा, एकीची नको.

मावशी आजपासून कामावर आहे. खोली तिचीच. झडती घेतल्याबद्दल व्यवस्थापकांनी तिची तोंडानं माफी मागितली नाही. मी त्यासाठी आज लेखी अर्ज दिला आहे आणि त्याखाली त्र्याण्णव सह्या आहेत. माफी मिळेपर्यंत दर सोमवारी देणार आहे. सोमवार पुष्कळ आहेत.

वाईट बातमी तुला अपेक्षित आहे. सगळी कुलपं परत येणार. पुन्हा किल्लीची कुलपं बसणार. जी मुलगी सहा मिनिटांवरून रडली होती ती मला म्हणाली, ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. तिनं ते दोष देण्यासाठी म्हटलं की कौतुकानं, मला ठरवता आलं नाही.

माझ्यामुळे तुझं नुकसान झालं. तरी परत तेच केलं असतं.

तुझी भाची

१५ मे

पदवीबाई,

खोकी आली. मामीनं तीनदा मोजली. एकशे एकोणऐंशी भरतात. कुठे एक राहिलं ते बघ, नाहीतर तुझे व्यवस्थापक म्हणतील मीच चोरलं.

बाकी मी बरा आहे. परत आलेल्या कुलपांच्या डब्यांतल्या याद्या काढून टाकल्या. नव्या डबीत एकच ओळ छापतो आहे, शब्द स्वतःचा लावा, कोणत्याही भाषेचा, आणि कुणी सुचवला तर तो लावू नका. छापखानेवाला म्हणाला, एवढ्याशा ओळीला कोण येणार? मी म्हटलं, न का येईना. कुणी मागवलीच तर त्याला कागद देईन, पण त्यात अशक्य हा शब्द नसेल.

तुझा सोमवारचा अर्ज चालू ठेव. दमलीस तर सांग, माझीही सही पाठवतो. ती आता चांगली बसली आहे.

मामा

२३ मे

कुलूपवाले भाऊ,

हात जोडून नमस्कार. मी जिने झाडणारी. ताईंकडून पत्ता घेतला. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, ताईंनी बघितलं नाही, म्हणून चुका असतील.

तुमची कुलपं मोजून खोक्यात भरायचं काम मलाच दिलं होतं. त्यातलं एक मी ठेवून घेतलं. आधी विचारायला हवं होतं. पण भरताना वाटलं, मला चोर म्हणाले तेव्हा माझ्याकडे कुलूप नव्हतं. आता एक असावं. तुम्हाला चालणार नसेल तर लगेच परत पाठवते. चालत असेल तर किंमत कळवा, मी देईन, फुकट नको.

माझ्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे. तिला लावलं. आत विशेष काही नाही.

तुमच्या यादीतला शब्द लावला नाही. ते सगळे मला आता येतात, पण ते ताईंचे. माझ्या बोलीतला एक आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिला तर चार अक्षरं तुमच्या चकत्यांवर बरोबर बसली. कुणी सुचवला नाही, कुठे छापलेला नाही.

अर्थ मला ठाऊक आहे.